सायकल अंगाला बेतून घ्यावी

जिन्याखालीं उभी असलेली सायकल ही हल्लीं पुष्कळ घरांतून दिसणारी वस्तु आहे. मुलगा अकरावींत असतांना ती हौसेनें घेतलेली असते : जाड दातेरी टायर, लांब सपाट हँडल, पुढच्या चाकाला धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा आणि एकवीस गिअर. पुढें मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं जातो आणि सायकल जिन्याखालीं जाते. प्रथम तिच्यावर धूळ बसते, मग ओल्या छत्र्या लटकतात, आणि एके दिवशीं भंगारवाल्याला बोलावण्याची भाषा सुरू होते. या महिन्याच्या सदरांत आम्हांला लिहावयाचें आहे तें अशाच एका स्वस्त सायकलीविषयीं; परंतु खरें सांगावयाचें तर आम्हां घरांतील मंडळींच्या एका चुकीविषयींही तें तितकेंच आहे.

आमच्या थोरल्या वहिनी सत्तावन्न वर्षांच्या आहेत. पुण्यांत कॉलेजांत असतांना त्या रोज सायकलीनें जात. लग्नानंतर संसाराच्या व्यापांत ती सुटली. गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं त्यांच्या रक्तांतील साखर वाढल्याचें सांगून नियमित व्यायामाची सूचना केली. त्यांच्या वृद्ध मातोश्री आमच्या घरापासून तीन किलोमीटरांवर राहतात. वहिनींना स्कूटर चालवतां येत नाहीं. म्हणून आईकडे जावयाचें झाल्यास घरांतील कोणाच्या तरी गाडीची वाट पाहणें आलें. "कोणी निघालें आहे का तिकडे ?" हा प्रश्न त्या दिवसांतून किती वेळां विचारीत, याची मोजदाद आम्हीं कधींच केली नव्हती. तेव्हां चिरंजीवांची सायकल पुसून त्याच सायकलीनें आईकडे जावें, म्हणजे व्यायामही होईल आणि कोणाचें मिंधेपणही राहणार नाहीं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब पांच दिवस टिकला. सहाव्या दिवशीं त्यांची मान अवघडली, गुडघे पुढच्या बाजूनें दुखूं लागले, आणि उजव्या हाताची करंगळी व तिच्याशेजारचें बोट यांना मुंग्या येऊन तीं बधिर होऊं लागलीं. रात्रीं पानावर बसल्यावर विषय निघालाच. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "आतां वय का राहिलें आहे तुझें, सायकल फिरवण्याचें ?" धाकट्या बंधूंनीं स्वस्त मालाला नांवें ठेवलीं. आम्हींही मागें राहिलों नाहीं. घरांत बसून पायडलें मारावयाचें एक व्यायामाचें यंत्र आणून देण्याचें आम्हीं उदारपणें कबूल केलें, आणि आपण फार समंजसपणाचें बोललों, असें आम्हांस वाटलें.

दुसऱ्या दिवशीं वहिनी पुतणीचें पोलकें उसवीत बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुसऱ्याच्या मापाचें पोलकें काखेंत काचलें, तर आपण शिवण उसवतों, काख कापीत नाहीं. ही सायकल माझ्या मापाची आहे का, एवढें तरी पाहिलें का कोणीं ?"

कोणींच पाहिलें नव्हतें. आम्हीं निमूटपणें त्यांच्या शिवणाच्या पेटींतील टेप मागून घेतली.

ही सायकल मूळ कोणत्या कामासाठीं निघाली हें आधीं समजून घ्यावें, म्हणजे दुखण्याचें मूळ उलगडतें. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नांवाचा डोंगराळ परगणा आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन कच्च्या वाटांनीं डोंगर उतरूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांची 'रिपॅक' नांवाची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे कीं त्यांतील वंगण जळून जाई, व तें पुन्हां भरावें लागे; त्यावरून हें नांव पडलें. १९७७ मध्यें जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं चौकट घडवली, आणि पुढें अशा सायकली जगभर पसरल्या. डोंगर उतरतांना स्वार सीटवर क्वचित्‌च टेकतो. तो पायडलांवर उभा असतो, आणि खडबडीत वाटेवर चाक ताब्यांत राहावें म्हणून रुंद, सपाट हँडल घट्ट धरतो. आमच्या वहिनी मात्र सिग्नल आणि भाजीची पिशवी सांभाळीत सबंध वेळ बसूनच जाणार. त्यांतून स्वस्त सायकल पुष्कळदां एकाच मापांत मिळते. अशा स्थितींत ती अंगाला बसली तरच नवल !

आरंभ सीटच्या उंचीपासून करावा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभें राहावें. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्यें धरून, सीटवर बसल्यासारखें वाटेपर्यंत वर सरकवावें, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. त्याला ०.८८३ नें गुणलें कीं सीटची उंची निघते. ही उंची ज्या आंसाभोंवतीं पायडलांच्या भुजा फिरतात त्याच्या मध्यापासून, सीटच्या नळीच्या रेषेंत, सीटच्या पृष्ठभागापर्यंत मोजावी. १९८६, १९८९ व १९९० या वर्षीं फ्रान्समधील प्रख्यात सायकल-शर्यत जिंकणारा अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड याच्यामुळें हा गुणक लोकांच्या परिचयाचा झाला. वहिनींचें माप ७३ सेंटिमीटर भरलें. म्हणजे सीट सुमारें ६४॥ सेंटिमीटरांवर हवी. ती होती ५८ वर ! गुडघे दुखले तर दोष गुडघ्यांचा कसा म्हणावा ? सीट फार खालीं असली कीं प्रत्येक फेऱ्याला गुडघा नको तितका दुमडतो, आणि त्याच्या पुढच्या भागावर ताण पडतो. उलट ती फार वर असली तर गुडघा मागून दुखतो, आणि कंबर डावीउजवीकडे हेलकावे खाऊं लागते.

ज्यांना गणिताचा कंटाळा असेल त्यांनीं भिंतीच्या आधारानें सायकलीवर बसावें, पायडल अगदीं खालीं आणावें आणि त्यावर टांच टेकवावी. कंबर न कलतां पाय सरळ व्हावा. मग नेहमींप्रमाणें चवडा ठेवला म्हणजे गुडघ्याला आपोआप २५ ते ३५ अंशांचा बांक राहतो.

येथें एक भीति आड येते, आणि ती खोटी नाहीं. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असें आपल्याकडे बहुतेकांना वाटतें. दुकानदारही सीट तशीच खालीं करून देतात. परंतु डोंगरी सायकलीचा पायडलांचा आंस दगडधोंडे चुकावेत म्हणून जमिनीपासून बराच उंच ठेवलेला असतो, त्यामुळें योग्य उंचीच्या सीटवरून फार तर चवडे टेकतात. यावर तोड म्हणजे थांबण्याची रीति बदलणें : वेग कमी करून, एक पायडल खालीं आणून, सीटवरून पुढें उतरावें आणि दुसरा पाय जमिनीवर ठेवावा. वहिनींनीं हें जवळच्या मैदानावर चार सकाळीं गिरवलें. शिवाय रहदारींतून जाणाऱ्यानें गणितापेक्षां एक-दोन सेंटिमीटर कमी घेण्यांत शहाणपण आहे. आम्हीं ६३ वर थांबलों, आणि तेंही एकदम नाहीं; दर दोन दिवसांनीं अर्धा सेंटिमीटर याप्रमाणें तीन आठवडे घेतले. सीटच्या दांड्यावर एक मर्यादेची रेघ कोरलेली असते. ती रेघ नळीच्या बाहेर दिसेपर्यंत दांडा कधींही वर काढूं नये. चौकट मोडून स्वार पडण्याचा संभव असतो. तेवढ्यानें उंची पुरत नसेल तर लांब दांडा विकत घ्यावा.

उंचीनंतर सीटचा कल पाहावा. गवंड्याची पाणसळ सीटवर ठेवून ती समतल करावी. मोबाइलमध्येंही आतां ही सोय सांपडते. कोणा शेजाऱ्याच्या सल्ल्यानें आमच्या सायकलीच्या सीटचें टोंक चांगलेंच खालीं केलेलें होतें. त्यानें बसणारा सारखा पुढें घसरतो, आणि सारा भार तळहातांवर येतो. नंतर सीटचें मागेंपुढें सरकणें. दोन्ही पायडलें जमिनीला समांतर ठेवून, पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला किल्ली बांधलेला ओळंबा सोडावा. तो साधारण पायडलाच्या आंसावर यावा. हा कांहीं अचूक नियम नव्हे, आरंभ करण्यापुरती खूण आहे. मात्र हँडल लांब पडतें म्हणून सीट पुढें ओढूं नये. हाताचें दुखणें गुडघ्याला देण्याचा तो प्रकार होय.

इतकें झाल्यावर वहिनींचे गुडघे थांबले. हात मात्र पूर्वींपेक्षां अधिक दुखूं लागले. बोटें आतां दहाव्या मिनिटालाच बधिर होऊं लागलीं. घरांतील मंडळींनीं एकमेकांकडे पाहिलें, आणि ज्याला जें म्हणावयाचें होतें तें न बोलतांच सर्वांना ऐकूं आलें. चार दिवस सायकल पुन्हां जिन्याखालीं उभी राहिली. "कोणी निघालें आहे का तिकडे ?" हा प्रश्न पुन्हां स्वयंपाकघरांतून येऊं लागला. या वेळीं तो आम्हांला ऐकवेना.

कारण वास्तविक साधें होतें. सीट पांच सेंटिमीटर वर गेली, म्हणजे हँडल तिच्या मानानें पांच सेंटिमीटर खालीं गेलें. स्वार अधिक वांकला, आणि धडाचा भार हातांवर उतरला. करंगळीकडे जाणारी मज्जातंतूची शीर तळहाताच्या बुंध्यांतून जाते. मुठीवर सारखा दाब आला कीं ती चेपते, आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. मनगट मागें मोडलेलें असलें तर हा त्रास वाढतो. खालीं पाहणाऱ्या माणसाला रस्ता दिसण्यासाठीं डोकें वर उचलावें लागतें. त्यामुळें मानही धरते. एक शिवण सोडली कीं दुसरी जुळवून घ्यावी लागते, हें पोलक्याला लागू तसेंच सायकलीलाही. म्हणून क्रम नेहमीं हाच असावा : आधीं सीट, मग हँडल.

ज्या आखूड तुकड्यानें हँडल पुढच्या नळीला जोडलेलें असतें त्याला दुकानांत स्टेम म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो. जुन्या काळ्या सायकलींत आणि कांहीं स्वस्त डोंगरी सायकलींतही तो नळीच्या आंत उतरलेला असतो. त्याचा वरचा बोल्ट दोन फेरे सैल करून, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनें हलकेच ठोकलें, कीं आंतली पाचर सुटते, आणि स्टेम वर घेतां येतो. त्यावरही मर्यादेची रेघ असते, आणि सीटचाच नियम तिलाही लागू आहे. दुसऱ्या प्रकारांत स्टेम नळीला बाहेरून आवळलेला असतो, आणि त्याच्या खालींवर चकत्या असतात. वर चकत्या असल्यास त्या खालीं घालाव्या, म्हणजे स्टेम तितका वर चढतो. आमच्या सायकलीची नळी आंखूड कापलेली असल्यामुळें तेथें जागाच नव्हती. परंतु चिरंजीवांनीं झोकदार दिसावा म्हणून स्टेम खालच्या उताराचा बसवून घेतला होता. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानें तोच उलटा करून लावला. नव्वद मिलिमीटर लांबीच्या त्या तुकड्यानें हँडल सुमारें तीन सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर जवळ आलें, आणि तेंही एक पैचें सामान न आणतां.

हें काम घरीं करणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वरच्या टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवण्यासाठीं नसून बेअरिंगांतील खडखड काढण्यासाठीं असतो. आधीं टोपी खडखड जाईल इतकीच आवळावी, मग हँडल चाकाशीं काटकोनांत आणावें, आणि नंतर बाजूचे बोल्ट आळीपाळीनें घट्ट करावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेंपुढें हलवून पाहावी. खट् असा आवाज आला तर काम पुन्हां करावें. शेवटीं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावें; तें तसूभरही फिरतां कामा नये. ज्यांना आत्मविश्वास नसेल त्यांनीं सायकलवाल्याला दहा मिनिटें द्यावीं; हँडलच्या बाबतींत काटकसर नको.

एवढ्यानें निम्मा भार उतरला. राहिलेल्यासाठीं सपाट हँडल काढून मधून उंच उठलेलें व टोंकें मागें वळलेलें हँडल बसवलें. तें घेतांना मधल्या भागाची जाडी जुन्याशीं जुळवून घ्यावी. ती बहुधा २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ब्रेकच्या व गिअरच्या केबली ताणतात का तें पाहावें. आमच्या ब्रेकच्या केबली आंखूड पडल्या, त्या बदलाव्या लागल्या. ब्रेकच्या दांड्या अशा तिरप्या कराव्या कीं बोटें त्यांवर ठेवल्यावर कोंपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत सरळ रेषा राहील. बहुतेक दांड्यांना एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवून दांडी मुठीजवळ आणतां येते. लहान हातांच्या स्त्रियांना याचा फार उपयोग होतो, आणि आमच्या माहितींतील एकाही सायकल-विक्रेत्यानें तो आपण होऊन दाखवलेला नाहीं. आतां वहिनींचें हँडल सीटपेक्षां दोन बोटें वर आहे. जुळणी बरोबर झाली कीं नाहीं, याची परीक्षा सोपी आहे : मोकळ्या सरळ रस्त्यावर मुठींवरची पकड क्षणभर सैल करावी, अंग पुढें कोसळूं लागलें तर भार अजून हातांवरच आहे असें समजावें.

सीटच्या बाबतींत मऊपणाचा मोह टाळावा. आम्हीं प्रथम एक लुसलुशीत खोळ आणली. तींत वहिनी रुतल्या, आणि त्रास वाढला. कारण बसतांना भार पेलावयाचा तो बैठकीच्या दोन हाडांनीं, आणि फार मऊ सीटमध्यें तीं हाडें बुडून मधल्या नाजूक भागावर दाब येतो. नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा पाटावर ठेवून त्यावर ताठ बसावें. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतरांत दोन-अडीच सेंटिमीटर मिळवले म्हणजे सीटची रुंदी ठरते. ताठ बसणाऱ्यास किंचित् अधिक रुंद सीट मानवते. शेवटीं टायरांतील हवा पाहावी. किती हवा भरावी याचे आंकडे टायरच्या कडेवरच छापलेले असतात. आमच्या टायरांत निम्मीच हवा होती, आणि ओढतांना लागणाऱ्या दमाला आम्हीं वयाचें नांव दिलें होतें !

हिशेबाच्या वहींतील आंकडे असे आहेत : हँडल ५५०, मुठी १८०, केबली १४०, सीट ६५० आणि मजुरी २००; एकूण रुपये १,७२०. आम्हीं उदारपणें देऊं केलेल्या यंत्राला याच्या कित्येक पट रक्कम लागली असती, आणि त्यावर बसून वहिनी आईच्या दारीं पोंचल्या नसत्या त्या नसत्याच.

अर्थात् या उपायांनाही मर्यादा आहेत. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभें राहिलें असतां चौकटीची वरची नळी अंगाला लागत असेल, तर ती सायकल त्या व्यक्तीला मोठी आहे. तिच्यावर पैसा घालूं नये. सायकल बेतून घेऊनही बोटांचा बधिरपणा एक-दोन आठवड्यांत न गेल्यास डॉक्टरांना दाखवावें. आणि स्वस्त सायकल या दुरुस्त्यांनीं हलकी होत नाहीं. चढावर ती ओढावी लागतेच.

एकत्र कुटुंबांत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो सायकल कोणाच्या मापाची ठेवावी हा. आम्हीं जिन्याजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे : वहिनी ६३, धाकटे बंधु ७१, चिरंजीव ७४. जो सायकल नेईल त्यानें आपल्या आंकड्यावर सीट करावी, आणि परत आणल्यावर ६३ वर ठेवावी, असा नियम आहे. कारण रोज नेणारें माणूस एकच आहे. दिवाळींत चिरंजीव आले, तेव्हां उंच उठलेलें हँडल पाहून म्हणाले, "आई, माझी सायकल पार बदलून टाकलीस कीं !" वहिनी म्हणाल्या, "बाळ, तुझी होती तेव्हां तिच्यावर छत्र्या वाळत होत्या." चिरंजीव भिंतीवरचा कागद वाचून, सीट वर घेऊन फेरी मारून आले, आणि परत येऊन मुकाट्यानें ती ६३ वर करून ठेवली.

घरांत कोणा वडीलधाऱ्या माणसानें एखादी गोष्ट सोडून दिली असेल, तर "वय झालें" हा निकाल देण्यापूर्वीं त्या गोष्टीचें माप एकदां घेऊन पाहावें, एवढीच आमची वाचकांना विनंति आहे. वय होतें हें खरें. पण आमच्या घरीं तें साडेसहा सेंटिमीटर खालीं असलेल्या सीटच्या रूपानें आलें होतें, आणि एका पान्यानें परत गेलें. आतां सकाळीं वहिनी पदर खोंचून सायकल बाहेर काढूं लागल्या कीं माजघरांतून आमच्या मातोश्रींची हांक येते, "तिकडे निघालीस का ग ? मग येतांना माझें औषध घेऊन ये."